सशाला गाजर कुणी चिकटवलं?

गेल्या महिन्यात आमच्या गुंड्याने अचानक खाणं सोडलं. गुंड्या म्हणजे आमचा ससा. शनिवारी सकाळी बघतो तर साहेब कोपऱ्यात अंग आखडून बसलेले, रात्रीचं गाजर तसंच पडलेलं आणि पिंजऱ्यात एकही लेंडी नाही. डॉक्टरांनी पोट चाचपलं आणि विचारलं, "खायला काय देता?"

मी अभिमानाने म्हटलं, "रोज दोन गाजरं आणि पाकिटातलं खाद्य."

"आणि गवत?"

गवत? ते तर गाई खातात ना!

सशाचं आतडं थंडावलं की एक-दोन दिवसांत जीवावर बेतू शकतं, हे मला तेव्हा कळलं. दोन दिवसांनी पिंजऱ्यात लेंड्या दिसल्या तेव्हा झालेला आनंद मला एकाही प्रोजेक्टच्या रिलीजला झाला नव्हता. असो.

पण मग प्रश्न पडला, हे गाजर माझ्या डोक्यात शिरलं कुठून? 'रूट कॉज' सापडल्याशिवाय आम्हा लोकांना झोप लागत नाही.

धागा जातो थेट १९३४ मध्ये. 'इट हॅपन्ड वन नाइट' नावाचा सिनेमा, ज्यावर बेतलेले 'चोरी चोरी' (१९५६) आणि 'दिल है कि मानता नहीं' (१९९१) तुम्ही पाहिले असतील. त्यात क्लार्क गेबल रस्त्याकडेला उभा राहून गाजर खात खात बडबडतो. १९४० मध्ये टेक्स अ‍ॅव्हरीच्या 'अ वाइल्ड हेअर' या कार्टूनमध्ये बग्ज बनी अगदी तसाच गाजर खात बोलू लागला. त्या काळच्या प्रेक्षकांना ही गेबलची नक्कल आहे हे कळत होतं. पुढे सिनेमा विस्मरणात गेला, गाजर मात्र सशाला कायमचं चिकटलं. म्हणजे मी एका नटाची नक्कल माझ्या सशाला खाऊ घालत होतो!

त्याआधी १९०२ साली आलेला बीअट्रिक्स पॉटरचा पीटर रॅबिट बघा. चित्रात तो जे खातो ते गाजर नाही, मुळे आहेत. आणि बाईंनी स्वतः ससे पाळलेले असल्याने पीटरचं पोट खाऊन खाऊन बिघडतं हेही त्या सांगतात.

आपल्या माळावरचा ससा वेगळा. घरी पाळतात तो मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, गवतावर आणि रानपाल्यावर जगलेला. त्याचे दात जन्मभर वाढत राहतात, ते गवत चावूनच झिजतात. आतडी हलती राहतात तीही गवताच्या चोथ्याने. शिवाय १८८२ मध्ये मोरो नावाच्या फ्रेंच पशुवैद्याने नोंदवलं, की ससा एक प्रकारच्या मऊ लेंड्या पुन्हा खातो. (जेवताना वाचत असाल तर सॉरी.) एकाच गवतातून तो दोनदा पोषण काढतो! हे काम पोटातल्या जिवाणूंचं, आणि जास्त साखर गेली की त्यांचंच गणित बिघडतं. गाजरात साखर बऱ्यापैकी असते.

पाकिटातल्या खाद्याची कथाही अशीच. ते मुळात मांस आणि लोकरीसाठी पाळलेल्या सशांसाठी आलं. तिथे वजन पटापट वाढायला हवं असतं, दहा वर्षं जगवायचं नसतं.

आता पिंजऱ्यात चोवीस तास वाळलेल्या गवताचा ढीग असतो. जोडीला मूठभर कोथिंबीर किंवा मुळ्याचा पाला, पाकिटातलं खाद्य दोन चमचे आणि भरपूर पाणी. लसूणघास सहज मिळतो, पण त्यात कॅल्शियम जास्त, म्हणून तो पिल्लांनाच ठीक. गाजराचा अंगठ्याएवढा तुकडा फक्त रविवारी मिळतो. गुंड्या अजून रोज संध्याकाळी फ्रीजपाशी येऊन बसतो.