बांगलादेश : राज्यमान्यता व परराष्ट्रसंबंध (१९७१–७६)

मुक्तियुद्धानंतर पाकिस्तानातून वेगळ्या झालेल्या बांगलादेशाने अन्य राष्ट्रांची आणि आंतरराष्ट्रीय संस्थांची मान्यता मिळवण्याची प्रक्रिया. ६ डिसेंबर १९७१ रोजी भूतान आणि भारत यांनी मान्यता दिली. १९७६ च्या आरंभी पाकिस्तानशी राजदूतांची देवाणघेवाण झाली, तिथे या प्रक्रियेचा मुख्य टप्पा संपला.

देशाची परराष्ट्रसेवा देशाआधीच कामाला लागली होती. १७ एप्रिल १९७१ रोजी मेहेरपूरजवळच्या आमराईत हंगामी सरकारचा शपथविधी झाला. दुसऱ्याच दिवशी कोलकात्यातील पाकिस्तानचे उपउच्चायुक्त हुसेन अली यांनी आपल्या बंगाली सहकाऱ्यांसह निष्ठा बदलली आणि सर्कस ॲव्हेन्यूवरील कचेरीवर नवा ध्वज चढवला. दिल्लीतील दोन अधिकारी त्याआधीच, ६ एप्रिलला, पाकिस्तानच्या सेवेतून बाहेर पडले होते. युरोपात ढाका विद्यापीठाचे कुलगुरू न्यायमूर्ती अबू सईद चौधुरी यांनी लंडनहून प्रचाराची धुरा सांभाळली. पुढे जानेवारी १९७२ मध्ये तेच राष्ट्राध्यक्ष झाले.

१६ डिसेंबर १९७१ च्या पाकिस्तानी सैन्याच्या शरणागतीनंतरही बहुतेक राष्ट्रे थांबून राहिली. ढाक्यात भारतीय सैन्य असताना तेथील सरकार स्वतंत्र कसे मानायचे, असा त्यांचा आक्षेप होता. काहींच्या बाबतीत ती सबबही होती. जानेवारी १९७२ मध्ये पूर्व जर्मनी, पोलंड, बल्गेरिया, ब्रह्मदेश, नेपाळ आणि सोव्हिएत संघ यांची मान्यता आली. ४ फेब्रुवारीला ब्रिटनची. मान्यता देणाऱ्या काही देशांशी पाकिस्तानने आधी संबंध तोडून पाहिले. मोठ्या राष्ट्रांची रांग लागल्यावर हे धोरण टिकणे शक्य नव्हते. राष्ट्रकुल मात्र त्याने रागाने सोडले. १२ मार्चला भारतीय सैन्याला ढाक्यात निरोप देण्यात आला आणि १९ मार्चला भारताशी २५ वर्षांचा मैत्री करार झाला. अमेरिकेने ४ एप्रिलला मान्यता दिली. त्याच महिन्यात बांगलादेश राष्ट्रकुलाचा सदस्य झाला.

संयुक्त राष्ट्रांचे दार मात्र लवकर उघडले नाही. २५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरक्षा परिषदेत चीनने नकाराधिकार वापरला. साम्यवादी चीनने त्या परिषदेत वापरलेला हा पहिलाच नकाराधिकार. युद्धकैदी परत गेलेले नाहीत, हे त्याचे एक कारण चीनने पुढे केले होते. भारताच्या ताब्यात नागरिक धरून सुमारे ९३ हजार पाकिस्तानी होते आणि त्यांपैकी १९५ जणांवर युद्धगुन्ह्यांचे खटले चालवण्याचा बांगलादेशाचा निर्धार होता. जुलै १९७३ मध्ये त्यासाठी कायदाही झाला. पाकिस्तानात अडकून पडलेल्या बंगाली नागरिकांचे भवितव्य पाकिस्तानचे नेते झुल्फिकार अली भुट्टो यांच्या हातात असल्याने ढाक्याची बाजू दिसते तेवढी बळकट नव्हती. युद्धकैद्यांच्या आणि अडकलेल्या नागरिकांच्या परतीविषयीच्या २८ ऑगस्ट १९७३ च्या दिल्ली करारावर भारत आणि पाकिस्तान यांच्याच सह्या आहेत. पाकिस्तानने मान्यताच दिलेली नसल्यामुळे ज्याच्या भूमीवर हे सारे घडले तो देश केवळ संमती कळवून बाहेर राहिला. बरोबरीच्या नात्याने बोलावल्याशिवाय १९५ जणांविषयीच्या वाटाघाटींना बसणार नाही, असे त्याने बजावले होते.

ही कोंडी मुस्लिम राष्ट्रांच्या मध्यस्थीने फुटली. सेनेगल, मलेशिया, इंडोनेशिया आणि इराक यांनी १९७२ मध्येच मान्यता दिली होती. अन्य अरब देश पाकिस्तानला दुखवायला तयार नव्हते. ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धात बांगलादेशाचे पंतप्रधान शेख मुजीबुर रहमान यांनी इजिप्तला चहा आणि सीरियाला वैद्यकीय पथक पाठवले. देशात अन्नधान्याची चणचण असताना पाठवलेली ही भेट थोडकी असली तरी नेमकी होती. २२ फेब्रुवारी १९७४ रोजी, लाहोरच्या इस्लामी शिखर परिषदेच्या निमित्ताने, पाकिस्तानने मान्यता दिली आणि मुजीब लाहोरला गेले. ९ एप्रिलला दिल्लीत कमाल हुसेन, स्वर्णसिंग आणि अझीझ अहमद या तीन परराष्ट्रमंत्र्यांनी त्रिपक्षीय करार केला. त्यात १९५ जणांवरील खटले सोडून देण्यात आले. पाकिस्तानच्या मान्यतेची ही किंमत होती, असेच म्हणावे लागते. करारात त्याला क्षमाशीलतेचा निर्णय म्हटले आहे. त्यानंतर चीनचा विरोध मावळला. १७ सप्टेंबर १९७४ रोजी बांगलादेश संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला आणि २५ तारखेला मुजीब यांनी आमसभेत बंगालीतून भाषण केले.

मान्यता मिळाली तरी हात मोकळे झाले नव्हते. क्यूबाला तागाची पोती विकल्याचे कारण दाखवून अमेरिकेने १९७४ मध्ये धान्याची मदत रोखून धरली, आणि त्याच वर्षी देशात भीषण दुष्काळ पडला. जून १९७४ मध्ये भुट्टो ढाक्यात आले, पण अविभक्त पाकिस्तानच्या मालमत्तेच्या वाटणीची बोलणी फिसकटली. १५ ऑगस्ट १९७५ रोजी मुजीब यांची हत्या झाली. सौदी अरेबियाची मान्यता दुसऱ्या दिवशी आली, चीनची महिनाअखेरीस. मालमत्तेच्या वाटणीचा दावा ढाका त्यानंतरही मांडत राहिले.