धुरावरचा दावा: डहाणूचं प्रकरण

पाथर्डी-शेवगावकडच्या शेतकऱ्याची बाजरी पाण्यावाचून वाळली, किंवा अवकाळीनं काढलेला कांदा भिजला, तर त्यानं दावा लावायचा कोणावर? नगर जिल्ह्यात बोलतोय, म्हणून हा प्रश्न आधी घेऊ. कोळसा जाळणाऱ्या कंपनीला कोर्टात उभं करता येतं का? महाराष्ट्रात एकदा केलं गेलं आहे.

डहाणू. तेव्हा ठाणे जिल्हा, आता पालघर. चिकूच्या बागा, वारली पाडे, आणि तिथंच मुंबईला वीज देण्यासाठी बीएसईएस कंपनीचं ५०० मेगावॉटचं कोळशावरचं केंद्र. स्थानिक पर्यावरण गट उच्च न्यायालयात हरला. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही केंद्र थांबवलं नाही. मात्र धुरातला गंधकाचा वायू काढणारी यंत्रणा बसवण्याची अट पूर्ण विचार केल्याशिवाय सैल करू नये, एवढं बजावलं. केंद्र १९९५ मध्ये सुरू झालं, यंत्रणेशिवाय!

मग बिट्टू सहगल यांच्या याचिकेवर १९९६ चा आदेश आला आणि डहाणू तालुक्यासाठी पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं. अध्यक्ष होते निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. आमच्या मते खरी लढाई इथून पुढची आहे. प्राधिकरणानं १९९९ मध्ये यंत्रणा बसवायला सांगितलं. कंपनीची मालकी बदलली, रिलायन्सकडे गेली, वर्षं उलटली, यंत्रणा काही येईना. शेवटी २००५ मध्ये ३०० कोटींची बँक हमी मागितली, तेव्हा चक्रं फिरली. यंत्रणा चालू झाली २००७ मध्ये. १९९१ पासून मोजा, सोळा वर्षं! निकालाचा कागद तर पहिल्यापासून होता. मागे लागणारं माणूस नंतर मिळालं.

पण डहाणूत चिमणी समोर दिसत होती, बागही शेजारीच होती. आणि अडवला गेला तो गंधकाचा वायू. कार्बन डायऑक्साइड तसाच वर जात राहिला. त्याला शेजार नसतो. पाथर्डीच्या आभाळात कोणत्या चिमणीचा किती वाटा, हे कसं सांगणार?

पेरू देशातल्या साउल लुसियानो ल्यूया या शेतकऱ्यानं नेमकं हेच मांडलं. हिमनदी वितळून वरचा तलाव फुगतोय, घराला पुराचा धोका आहे. जर्मनीच्या आरडब्ल्यूई या वीज कंपनीनं जगातल्या उत्सर्जनातल्या आपल्या वाट्याइतका, म्हणजे सुमारे ०.३८ टक्के, बंदोबस्ताचा खर्च द्यावा. मे २०२५ मध्ये हाम इथल्या न्यायालयानं दावा फेटाळला, कारण त्याच्या घराला असलेला धोका पुरेसा सिद्ध झाला नाही. पण अशी कंपनी तत्त्वतः जबाबदार धरता येते, हे मान्य केलं.

आपल्याकडे मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क मान्य केला. खटला होता माळढोकाचा, राजस्थान-गुजरातेतल्या वीजतारांवरून. नगर-सोलापूरच्या अभयारण्यामुळे हा पक्षी आपल्याला परका नाही. हक्क आला. प्रतिवादी म्हणून कोणत्या कंपनीचं नाव लिहायचं, हे त्या निकालात नाही.