घर भाड्याचे, छप्पर कोणाचे?

शहराचा इतिहास सांगताना राजे, लढाया आणि देवळे यांची नावे पुढे येतात. शहर वसते ते मात्र घरांनी, आणि घरे उभी राहतात ती पैशाने. तो पैसा कोणी घातला व त्याची फेड कोणी केली, हा प्रश्न कामगारवस्त्यांतून हिंडताना आम्हांला नेहमी पडत आला आहे.

धुळ्याचे पाहा. १८१८ साली खानदेश इंग्रजांच्या हाती गेला, तेव्हा हे पांझरेकाठचे एक लहान गाव होते. कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी १८१९ साली येथे कचेऱ्या बांधविण्यास घेतले आणि नवे गाव आखले. घरांसाठी जागा कायमच्या बिनसाऱ्याने दिल्या; जुन्या रहिवाशांना आणि परगावाहून येणाऱ्यांनाही पक्की घरे बांधण्यासाठी सरकारातून आगाऊ रकमा दिल्या. साहेबाला पेठ हवी होती, त्यात धर्मादाय काही नव्हता. तरी धुळे वसले ते सरकारने असा भार उचलल्यामुळे, हे विसरू नये.

जळगाव वाढले ते कापसावर. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६२ ते १८६५ या वर्षांत, कापसाचे भाव चढले आणि जळगावची बाजारपेठ नावारूपाला आली. पुढे खानदेश मिल निघाली. खेड्यातला माणूस साच्यावर उभा राहिला, आणि त्याला प्रथमच महिन्याच्या महिन्याला खोलीचे भाडे मोजावे लागले.

दुसऱ्या महायुद्धाने महागाई आणली. मुंबई सरकारने १९४७ साली भाडेनियंत्रणाचा कायदा केला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते, तेच सामान्यतः प्रमाण भाडे ठरले. या कायद्याने लाखो गरिबांचे बिऱ्हाड रस्त्यावर येण्यापासून वाचले, हे आम्ही कृतज्ञतेने सांगतो. पण चुना, लाकूड आणि गवंड्याची मजुरी १९४० सालापाशी थांबली नाही.

आमचे बालपण धाब्याच्या एका भाड्याच्या खोलीत गेले. पावसाळ्यापूर्वी धाब्यावर नवी माती टाकून ती चोपावी लागते. घरमालक म्हणत, एवढ्याशा भाड्यात परवडत नाही. आमचे वडील म्हणत, घर त्यांचे, माती त्यांनी टाकावी. एका आषाढात कोपऱ्यातले धाबे आजीच्या अंथरुणावर खचले. आजी ओट्यावर बसली होती, म्हणून वाचली. पुढे आम्ही भाडेकरूंच्या सभा घेतल्या, भाडेवाढीविरुद्ध ठराव केले. त्या ठरावांत छपराविषयी एक ओळ नव्हती. तो दोष आमचा.

१९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने, गोठवलेल्या भाड्याची ती तरतूद काळाच्या ओघात अन्यायाची झाली आहे, असे मत दिले. नंतर महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा आला आणि ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याने दरसाल चार टक्के वाढ दिली. दुरुस्ती घरमालकाची ठरवली; नोटीस देऊनही त्याने ती न केल्यास भाडेकरूने करावी व खर्च भाड्यातून वळता करावा, मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथाईपेक्षा अधिक नाही.

आता हिशेब मांडू. महिना दहा रुपयांचे भाडे चार टक्क्यांच्या चक्रवाढीने पंचवीस वर्षे वाढले, तरी ते सत्तावीस रुपयांच्या आत राहते. वर्षाचे झाले तीनशेवीस. त्याची चौथाई ऐंशी रुपये. ऐंशी रुपयांत आज एक पत्राही येत नाही. हक्क कागदावर आहे, छप्पर गळतेच आहे.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. भाड्याची पावती घ्या. करार लेखी करून नोंदवा, ती जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे. आणि संघटनेने भाड्याइतकाच दुरुस्तीचा प्रश्न हाती घ्यावा. घरमालकाने आणि भाडेकरूने आपापला वाटा उचलावा. दोघांच्याही आवाक्याबाहेरचा खर्च असेल तेथे सरकारने हलक्या व्याजाचे कर्ज द्यावे. दोनशे वर्षांपूर्वी परक्या सरकारने धुळ्यात घरांसाठी रकमा दिल्या. आपल्या सरकारला ते अशक्य नाही.