आपले मुंगूस परमुलखात

सकाळी कामाला निघावे आणि गडग्याच्या फटीतून निघालेले मुंगूस समोरून आडवे जावे, म्हणजे कोकणातला माणूस मनातून सुखावतो. मांजर आडवे गेले तर आपण दोन पावले मागे येतो. मुंगूस दिसले तर काम होणार, असे धरून चालतो. साप मारणारे, परड्यातले उंदीर टिपणारे हे जनावर न पाळताही आपल्या घरचेच झाले आहे. त्याचे इंग्रजी नावसुद्धा आपल्या 'मुंगूस' या मराठी शब्दावरूनच गेले, असे कोशकार सांगतात.

श्रोतेहो, आज या मुंगसाच्या जातीची एक गोष्ट सांगायची आहे. गोष्ट इतिहासाचीच आहे. तीत राजे नाहीत की लढाया नाहीत. पण जहाजे आहेत, बंदरे आहेत आणि माणसाने घाईने केलेला एक हिशेब आहे.

तिची सुरुवात मात्र उंदरापासून होते. आपल्या घराच्या माळ्यावर, माडाच्या झावळ्यांतून फिरणारा काळा उंदीर मूळचा भारतीय द्वीपकल्पाकडचा, असे प्राणिशास्त्रज्ञ मानतात. आता आपला किनारा डोळ्यांपुढे आणा. दाभोळ, जयगड, राजापूर ही किती जुनी बंदरे! अशा बंदरांतून शतकानुशतके धान्य गेले, कापड गेले, मसाले गेले. आणि जिथे धान्य, तिथे उंदीर. गलबताच्या दोरावरून चढून जाणे म्हणजे त्याच्या हातचा मळ. असा मजल दरमजल करीत तो रोमन लोकांच्या काळीच युरोपात पोचला होता. पुढे युरोपची जहाजे जगभर फिरू लागली आणि त्यांच्या पोटात बसून तोही जगभर गेला.

तो नव्या जागी उतरला की तिथल्या मूळच्या लहान जनावरांचे काय होई, याचा एक दाखला ऐका. जावा बेटाच्या दक्षिणेला ख्रिसमस नावाचे एक लहानसे बेट आहे. तिथे जगात दुसरीकडे कुठेही नसलेले दोन जातींचे उंदीर राहत. १८९९ साली एक जहाज तिथे लागले. जहाजाचे नाव होते 'हिंदुस्तान'! त्यातून काळे उंदीर बेटावर उतरले. चारच वर्षांत, म्हणजे १९०३ च्या सुमारास, बेटावरचे मूळचे उंदीर भर दिवसा वाटेवर झोकांड्या खाताना लोकांना दिसू लागले. १९०८ साली शोध घेतला तेव्हा दोन्ही जातींतला एकही उरला नव्हता. परक्या उंदरांच्या पिसवांबरोबर रक्तातला एक रोग आला होता. संग्रहालयात जपलेली जुनी कातडी तपासून २००८ साली शास्त्रज्ञांनी त्या रोगाचा माग काढला. म्हणजे दात न लावता, नख न लावता, नुसत्या येण्याने पाहुण्याने घरच्यांचा वंश बुडवला.

आता मुंगसाकडे वळू. वेस्ट इंडीजमधल्या जमैका बेटावर इंग्रजांचे उसाचे मोठमोठे मळे होते. जहाजांतून आलेले उंदीर तो ऊस कुरतडून टाकीत. मळेवाल्यांनी आधी मुंग्या आणून पाहिल्या, मोठाले बेडूक आणून पाहिले. कशाने काही भागेना. तेव्हा एस्प्युट नावाच्या मळेवाल्याने १८७२ साली कलकत्त्याहून मुंगसे मागवली. किती? फक्त नऊ! चार नर आणि पाच माद्या. ही जात उत्तर हिंदुस्थानातली, आपल्या करड्या मुंगसाची धाकटी बहीण म्हणा.

सुरुवातीला उंदीर कमी झाले. मळेवाले खूश झाले. शेजारच्या बेटांनी मुंगसे नेली. १८८३ साली ती पार हवाई बेटांवर गेली. पण हिशेबात एक चूक राहून गेली होती. मुंगूस दिवसा हिंडते, आणि उंदीर रात्री. शिवाय काळा उंदीर झाडावर चढून बसतो, मुंगसाचा वावर जमिनीवर. मग पोट भरायला दिवसाउजेडी जमिनीवर जे सापडेल ते मुंगूस खाऊ लागले: पक्ष्यांची अंडी, सरडे, कोंबड्यांची पिल्ले, आणि बेटावरची लहान मुकी जनावरे. जमैकाचा स्वतःचा असा एक उंदीर होता. १८७० च्या दशकानंतर तो पुन्हा कोणाच्या हाती लागला नाही. परके उंदीर, मांजरे आणि मुंगसे या तिघांनी मिळून त्याला संपवले असावे, असे अभ्यासक म्हणतात. ज्याच्यासाठी मुंगूस आणले तो चोर राहिला, आणि घरचे गेले.

एवढे झाल्यावर तरी माणूस शिकला का? नाही. जपानच्या दक्षिणेला अमामी बेट आहे. तिथे काळसर रंगाचा, आखूड कानांचा एक पुरातन जातीचा ससा राहतो. विषारी साप कमी व्हावेत म्हणून १९७९ साली त्या बेटावर तीसेक मुंगसे सोडण्यात आली. साप रात्री फिरणारे. त्यांचे फारसे काही बिघडले नाही. सशांवर मात्र संकट आले. त्या बेटावर मुंगसासारखे शिकारी जनावर कधी नव्हतेच, त्यामुळे त्याच्यापासून कसे वाचावे हे सशांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊकच नव्हते. पुढे मुंगसांची संख्या दहा हजारांच्या घरात गेली. सरकारने पिंजरे लावले, वास काढणारी कुत्री तयार केली, २००५ साली खास पथक नेमले. अखेर सप्टेंबर २०२४ मध्ये बेट मुंगूसमुक्त झाल्याचे जाहीर झाले. सोडायला एक दिवस पुरला असेल; निस्तरायला पंचेचाळीस वर्षे गेली.

ही हकीकत मी वर्गात सांगितली, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, मग मुंगूस चांगलं की वाईट?" प्रश्न रास्त होता. मी त्याला म्हटले, "अरे, मुंगूस इथलं आणि तिथलं एकच आहे. बदलली ती जागा." आपल्याकडे ससा, साप, तित्तर आणि मुंगूस हजारो वर्षे एकत्र वाढले. एकमेकांचे डाव त्यांना पाठ आहेत. मुंगसावर नजर ठेवणारेही इथे आहेत. तिथे हे काहीच नव्हते. दोष जनावराकडे जात नाही. त्याला उचलून नेणाऱ्या हाताकडे जातो.

मंडळी, ही गोष्ट दूरच्या बेटांची म्हणून सोडून देऊ नका. कुंभार्ली घाट चढला की सातारा जिल्हा लागतो. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ साली देशातल्या सस्तन प्राण्यांची पाहणी सुरू केली. त्या पाहणीतल्या नमुन्यांवरून १९१८ साली साताऱ्याच्या घाटमाथ्यावरच्या एका रानउंदराला साताऱ्याचेच नाव देण्यात आले. पुढे कित्येक वर्षे तो साध्या काळ्या उंदराचाच एक प्रकार समजला जात होता. तो स्वतंत्र जातीचा आहे हे आनुवंशिक तपासणीने २०११ साली ठरले. पावसाळी जंगलातल्या झाडांवर तो राहतो, सह्याद्रीबाहेर तो कुठेच नाही, आणि आज धोक्यात असलेल्या प्राण्यांत त्याची गणना होते. म्हणजे त्याच्या मालकीचे बेट म्हणजे हे उभे जंगल. ते तुटले, तिथे घरे झाली, उकिरडे झाले, की आपला गावउंदीर पाठोपाठ जातोच. आणि परका उंदीर दाराशी आला म्हणजे काय होऊ शकते, ते ख्रिसमस बेटाने दाखवले आहे.

आपण काय करायचे? फार अवघड नाही. नको झालेली कुत्र्याची, मांजराची पिल्ले घाटात किंवा देवराईजवळ नेऊन सोडू नका. तीच पुढे रानटी होऊन ससे, खारी, खवले मांजराची पिल्ले मारतात. रानात फिरायला जाल तेव्हा उष्टे-खरकटे तिथे टाकू नका. उंदरांसाठी विष घालायचे तर ते घरापुरते. रानाच्या कडेला घातलेले विष कोणाच्या पोटात जाईल सांगता येत नाही. आणि शिक्षक बंधुभगिनींनो, मुलांना उंदीर, घूस, चिचुंद्री, खार, उदमांजर हे सारे ओळखायला शिकवा. नाव ठाऊक असलेल्या जनावरावर दगड उचलताना मुलाचा हात क्षणभर थांबतो.

एक शेवटचे. परमुलखात ज्या मुंगसांना हटवायला सरकारे झटतात, त्याच्याच भाऊबंदांना आपल्या देशात रंगाच्या कुंचल्यांना केस हवेत म्हणून चोरून मारतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिले आहे. पण गडग्यावरून जाणाऱ्या मुंगसाची राखण कायद्याआधी गावाने करायची असते. उद्या सकाळी ते आडवे गेले तर शुभशकुन म्हणून जरूर आनंद माना. मात्र एवढे ध्यानात असू द्या, की ते आपल्या जागेवर आहे, म्हणूनच तो शकुन शुभ आहे.