चॅटबॉट चुकला तर भरपाई कोणी द्यायची?

कंपनीच्या चॅटबॉटने ग्राहकाला चुकीची माहिती दिली, तर कायद्याच्या दृष्टीने चूक कोणाची? या प्रश्नावर बहुतेकदा दाखला दिला जातो तो कॅनडातील एअर कॅनडा प्रकरणाचा.

नोव्हेंबर २०२२ मध्ये आजीच्या निधनामुळे एका प्रवाशाला व्हँकुव्हरहून टोरांटोला जायचे होते. अशा प्रसंगी ही विमान कंपनी भाड्यात सवलत देत असे. तिकीट काढल्यावर ९० दिवसांत अर्ज केला तरी सवलत मिळेल, असे संकेतस्थळावरील चॅटबॉटने सांगितले. त्यावर विसंबून प्रवाशाने पूर्ण भाडे भरले. नंतर कंपनीने पैसे नाकारले, कारण प्रवास झाल्यावर सवलत मागता येत नाही, असे त्याच संकेतस्थळाच्या दुसऱ्या पानावर लिहिलेले होते. प्रवाशाने मात्र चॅटबॉटच्या उत्तराचा स्क्रीनशॉट जपून ठेवला होता.

वाद ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील लहान दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे गेला. चॅटबॉटच्या बोलण्याला कंपनी जबाबदार नाही, असा कंपनीचा पवित्रा होता. म्हणजे चॅटबॉट ही जणू वेगळी कायदेशीर व्यक्तीच! १४ फेब्रुवारी २०२४ च्या निकालात न्यायाधिकरणाने हे फेटाळले. चॅटबॉट हा संकेतस्थळाचाच भाग आहे. एका पानावरची माहिती दुसऱ्या पानावर जाऊन पडताळण्याचे ओझे ग्राहकावर नाही, असे त्याने म्हटले. व्याज आणि शुल्क धरून कंपनीला सुमारे ८१२ कॅनेडियन डॉलर द्यावे लागले.

रक्कम किरकोळ आहे आणि हा निकाल इतर न्यायालयांवर बंधनकारकही नाही. व्यवसायांसाठी महत्त्वाचे आहे ते वेगळेच. माहिती अचूक राहावी यासाठी कंपनीने पुरेशी काळजी घेतली नाही, हा तिच्यावरचा मुख्य ठपका होता. चॅटबॉट कोणत्या प्रकारचा आहे, हेसुद्धा कंपनीने न्यायाधिकरणाला सांगितले नव्हते. म्हणून नियम बदलला की चॅटबॉटची उत्तरे कोण तपासणार, संभाषणांची नोंद किती काळ ठेवणार आणि पैशाचा प्रश्न आला की संभाषण माणसाकडे कधी सोपवणार, हे आधीच लेखी ठरवावे लागते. चॅटबॉट बाहेरून विकत घेतला असेल, तर पुरवठादाराशी केलेल्या करारातून नुकसान वसूल करता येईलही. पण ग्राहक दाद मागतो ती कंपनीकडेच.

भारताच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मध्येही याच धाटणीची तरतूद आहे. माहितीवरची प्रक्रिया दुसऱ्या संस्थेकडून करून घेतली, तरी कायद्याच्या पालनाची जबाबदारी मूळ कंपनीचीच राहते. सुरक्षेचे पुरेसे उपाय न केल्यामुळे माहिती फुटल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो.