चेक लिहिण्याआधी: मोठ्या ॲडव्हेंचर गाडीची गोष्ट

निवृत्तीचे पैसे हातात आले आणि मी साडेबाराशे सीसीची ॲडव्हेंचर टूरिंग मोटरसायकल घ्यायला निघालो. स्पितीला एकट्यानं जायचं होतं. चेक लिहिण्याआधी सवयीनं या गाडीचा इतिहास चाळला. तोच आज सांगतो.

सत्तरचं दशक संपताना बीएमडब्ल्यूचा मोटरसायकल विभाग अडचणीत होता. जपानी कंपन्यांनी बाजार व्यापला होता. १९८० मध्ये त्यांनी 'आर ८० जी/एस' आणली. 'जी' म्हणजे रान, 'एस' म्हणजे रस्ता. रानात चालणाऱ्या गाड्या तेव्हा बहुतेक लहान, एका सिलिंडरच्या असत. ही जवळपास ८०० सीसीची, दोन सिलिंडरची, चेनऐवजी शाफ्टवर चालणारी. तरीही टाकी भरून वजन दोनशे किलोच्या आत!

१९८१ ची पॅरिस-डकार शर्यत यूबेर ओरिओल यांनी याच घराण्यातल्या गाडीवर जिंकली. १९८४ आणि १९८५ मध्ये बेल्जियमचे गास्तों राहिए जिंकले. ते बुटके. पाय टेकत नसत, म्हणून गाडी चालू करून बाजूनं उडी मारून बसायचे. पण ते मोटोक्रॉसचे तीनदा विश्वविजेते होते, तुम्हीआम्ही नाही.

पुढे या गाड्या वाढत गेल्या. २००४ मध्ये युअन मॅकग्रेगर आणि चार्ली बूरमन लंडनहून पूर्वेकडून न्यूयॉर्कला गेले. त्या मालिकेनं जगभर या गाड्यांचं वेड लावलं. त्यांची प्रत्येक गाडी सामानासकट अडीचशे किलोच्या पुढची. मंगोलियात चिखलात त्या पुन्हा पुन्हा पडल्या. कॅमेरामनच्या गाडीची फ्रेम तुटली, तेव्हा त्याच्यासाठी तिथेच एक साधी रशियन इझ घेतली. साडेतीनशे सीसीची ती हलकी गाडी चिखलातून सहज निघत होती.

हे वाचून मी मित्राची मोठी गाडी मैदानात आडवी करायला लावली. तीनदा जोर लावला, उचलली नाही. स्पितीच्या ओढ्यात मला कोण हात देणार होतं?

शेवटी रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० घेतली. वजन १९६ किलो, म्हणजे जवळपास त्या पहिल्या जी/एसएवढंच. उरलेले पैसे बँकेत आहेत.

तुम्ही इंदूरला असा की बेंगळुरूला, गाडी घेण्याआधी ती एकदा आडवी करून एकट्यानं उचलून बघा. हायवेवर दोघांनी जायचं असेल, तर मोठी गाडी जरूर घ्या. तिथे ती राणी आहे. भेटू पुढच्या भागात.