जुन्या डिझेल मोटारीची साक्ष

इतिहास केवळ शिलालेखांत आणि दफ्तरांत असतो असे नाही. माणसांनी वर्षानुवर्षे वापरलेल्या वस्तूही आपापली बखर जवळ बाळगून असतात. जर्मनीत जुन्या डिझेल मोटारींचे मोठे चाहते आहेत. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची मर्सिडीज डिझेल शोधीत ते दूरच्या गावी जातात, गाडीखाली उताणे पडून पत्रा न्याहाळतात आणि मगच पैशाची गोष्ट काढतात. असा ग्राहक नकळत इतिहाससंशोधकाचेच काम करीत असतो. समोरची साक्ष खरी कोणती आणि रचलेली कोणती, हे त्याला ओळखावे लागते. या परीक्षेचे मर्म कळण्यासाठी आधी त्या यंत्राची जन्मकथा पाहिली पाहिजे.

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८५८ साली पॅरिस येथे एका बव्हेरियन कारागिराच्या घरी झाला. म्युनिक येथे शिकत असता, वाफेचे इंजिन कोळशातील उष्णतेचा फार थोडा अंश कामी लावते, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली. हवा जोराने दाबली की ती तापते. इतकी दाबावी की आत सोडलेले इंधन ठिणगीवाचूनच पेटावे, ही त्यांची कल्पना. १८९३ साली त्यांना पेटंट मिळाले. त्यानंतर आउग्सबुर्गच्या कारखान्यात चार वर्षे अपयशामागून अपयश पचवीत त्यांनी काम चालविले. अखेर १७ फेब्रुवारी १८९७ रोजी प्राध्यापक मोरिट्झ श्रोटर यांनी यंत्राची रीतसर चाचणी घेतली. इंधनातील सुमारे २६ टक्के शक्ती कामी आल्याचे तीत सिद्ध झाले. त्या काळी ही मजल अपूर्व होती.

कामगारांच्या प्रश्नावर पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक काढले ते १८९१ साली. डिझेल यांचे यंत्र आकाराला आले ते त्याच दशकात. त्यांचीही आशा अशी होती की, या यंत्रामुळे लहान कारागीर मोठ्या गिरण्यांपुढे ताठ उभा राहू शकेल. १९०३ साली त्यांनी समाजातील ऐक्यभावावर एक ग्रंथही लिहिला. पण कर्ज आणि आजार यांनी त्यांना ग्रासले. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री इंग्लंडकडे निघालेल्या 'ड्रेस्डेन' या बोटीवरून ते नाहीसे झाले आणि काही दिवसांनी त्यांचा मृतदेह समुद्रात आढळला. कारागिरासाठी कल्पिलेले यंत्र आधी कारखाने, जहाजे आणि पाणबुड्या यांच्याच कामी आले.

मोटारीत बसण्यास हे यंत्र फार अवजड होते. १९०९ साली बेंझ कंपनीतील प्रॉस्पर लोरांज यांनी इंधन प्रथम एका छोट्या कप्प्यात पेटविण्याची युक्ती काढली. १९२७ पासून बॉश कंपनी इंधनाचा पंप मोठ्या संख्येने बनवू लागली. या दोहोंच्या बळावर फेब्रुवारी १९३६ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात मर्सिडीजची '२६० डी' ही मोटार आली. तिची शक्ती अवघी ४५ अश्वशक्ती. १९४० पर्यंत अशा सुमारे दोन हजारच गाड्या बनल्या. परंतु टॅक्सीवाल्यांनी तिची किंमत ओळखली. दिवसभर फिरूनही इंधन कमी लागे, हा त्यांचा रोकडा हिशेब होता. युद्धानंतर १९४९ साली '१७० डी' आली आणि शेतकरी व टॅक्सीवाले यांच्या दारात डिझेल उभी राहिली. १९७३ च्या तेलटंचाईने काटकसरीचे महत्त्व श्रीमंतांनाही पटविले. १९७६ मध्ये आलेली 'डब्ल्यू १२३' ही मालिका दहा वर्षे चालली आणि सर्व प्रकार मिळून तिच्या सुमारे २७ लाख गाड्या बनल्या. आज जुनी डिझेल घेऊ पाहणारा बहुधा याच मालिकेतील '२४० डी' किंवा '३०० डी' शोधीत असतो.

येथे नावाने फसू नये म्हणून एक उदाहरण देणे उचित होईल. १९६० साली पोप जॉन तेविसावे यांच्यासाठी मर्सिडीजची '३०० डी' ही उघड्या टपाची गाडी व्हॅटिकनमध्ये आली. पुष्कळांना ती डिझेल वाटते. वास्तविक तीतील 'डी' हे अक्षर त्या जातीची चौथी आवृत्ती दाखविते. इंजिन पेट्रोलचे होते. डिकीवरच्या अक्षरांवर विश्वास ठेवू नये, हा परीक्षेतील पहिला धडा. अक्षरे कोणीही चिकटवू शकतो. बॉनेटखालील चासी नंबर, इंजिन नंबर आणि नोंदणीचे कागद ही खरी साधने होत. 'डब्ल्यू १२३' मालिकेतील '२४० डी'च्या चासी नंबरात १२३.१२३ हे आकडे असतात आणि तिच्या इंजिनाचा नंबर ६१६ ने सुरू होतो. यांचा मेळ बसत नसेल, तर गाडीच्या चरित्रातील एखादे पान बदललेले आहे असे समजावे.

दुसरा धडा असा की, इंजिन थंड असताना पाहावे. आपण येण्यापूर्वी गाडी सुरू करू नका, असे मालकाला आधीच सांगावे आणि पोहोचताच बॉनेट उघडून इंजिनावर हात ठेवावा. ते कोमट लागले तर कारण विचारावे. कारण थकलेले डिझेल तापले की तरुणासारखे वागते, त्याचे वय कळते ते पहाटेच्या गारठ्यात. हीटर प्लग तापेपर्यंत थांबून किल्ली फिरवावी. प्रथम थोडा पांढरा धूर येणे क्षम्य आहे. तो रेंगाळला तर कॉम्प्रेशन किंवा प्लग यांत खोट आहे. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. गाडी ओढताना दाट काळा धूर आला तर नोझल व पंप तपासावेत. मग ऑइल भरण्याचे झाकण काढून तोंडावर उलटे ठेवावे. इंजिन चालू असता ते किंचित थरथरले तर चिंता नाही. उडून पडले तर आपले मिस्त्री ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात तो दोष आहे, म्हणजे पिस्टन आणि रिंगा झिजल्या आहेत. शक्य असल्यास गेज लावून प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. निरोगी इंजिनात ते २२ ते २४ बारच्या आसपास असते, आणि सिलिंडरा-सिलिंडरांत ३ बारपेक्षा अधिक फरक असू नये. शेवटी किल्ली बंद करून ऐकावे. या गाड्यांत इंजिन थांबविण्याचे काम व्हॅक्यूम करतो. किल्ली काढूनही इंजिन चालत राहिले तर कोठेतरी नळी फुटली आहे.

तरीही खरा शत्रू इंजिनात नसतो. ही इंजिने दणकट आहेत. गाडी मरते ती गंजाने. युरोपात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, ते मीठ पत्रा आतून खाते. म्हणून जॅक लावण्याच्या जागा, चाकांवरच्या कमानी, डिकीतील जादा चाकाचा खळगा, बॅटरीखालचा पत्रा आणि मागच्या काचेची कड पाहावी. पायाखालचा गालिचा उचलून ओल हाताने चाचपावी. कापडात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्यावरून फिरवावे. जेथे ते धरत नाही तेथे रंगाखाली पुटीन आहे. इंजिन पुन्हा बांधता येते, पण कुजलेल्या सांगाड्याची दुरुस्ती अनेकदा गाडीच्या किमतीहून महाग पडते. त्यामुळे धूर काढणारी पण निरोगी अंगाची गाडी, गोड चालणाऱ्या पण कुजलेल्या गाडीपेक्षा केव्हाही बरी.

किलोमीटरच्या आकड्यालाही प्रमाण मानू नये. या मालिकेतील मीटरची दातेरी चाके पुष्कळदा तुटतात, आणि मीटर थांबले तरी गाडी धावतच राहते. पायाखालच्या पेडलचे झिजलेले रबर, खचलेली बैठक आणि शिक्के मारलेली सर्व्हिस-वही यांची साक्ष एकमेकींशी ताडून पाहावी. आणि मोठा आकडा दिसला तरी दचकू नये. ग्रीसमधील थेस्सालोनिकी येथील टॅक्सीचालक ग्रेगोरियोस साखिनिडिस यांनी १९७६ ची '२४० डी' तब्बल ४६ लाख किलोमीटर चालविली आणि २००४ साली ती स्टुटगार्टच्या संग्रहालयाला दिली. वेळच्या वेळी केलेली निगा हेच त्या गाडीचे आयुष्य.

या '२४० डी'च्या इंजिनाशी आपलाही संबंध आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. पुण्याजवळच्या आकुर्डीच्या बजाज टेम्पो कंपनीने १९८० च्या दशकात मर्सिडीजच्या परवान्याने हेच 'ओएम ६१६' इंजिन घेतले आणि आपल्या ट्रॅव्हलर व ट्रॅक्स गाड्यांत बसविले. वऱ्हाड घेऊन, आजाऱ्याला घेऊन खेड्यापाड्यांच्या वाटा तुडविणाऱ्या ट्रॅक्सच्या पोटात जर्मन टॅक्सीचेच काळीज धडधडत होते. लहान माणसाच्या हाती यंत्र यावे ही डिझेल यांची आशा येथे थोडीफार फळाला आली असे म्हटले तर वावगे ठरू नये.

मात्र इतिहास लिहिताना दोष झाकता येत नाहीत. डिझेलचा धूर माणसात कर्करोग निर्माण करतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१२ साली दिला. जर्मनीत तीस वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या गाड्यांना १९९७ पासून खास नोंदणी मिळते. ही सवलत वारसा जपण्यासाठी आहे, रोज शहरभर धूर सोडण्यासाठी नव्हे. जुनी डिझेल घेणाऱ्याने ती थोडी चालवावी आणि नीट राखावी. आपल्या हौसेची किंमत शेजाऱ्याच्या फुफ्फुसांनी मोजू नये.

आणि एक गोष्ट विकणाऱ्याविषयी. खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा केवळ न्यायालयासाठी नाही. पुटीन थापून झाकलेला गंज, आधीच तापवून ठेवलेले इंजिन, मागे फिरविलेले मीटर, ही सारी खोटी साक्षच होय. एखाद्या कुटुंबाची वर्षांची बचत तिच्यावर विसंबून हातची जाते. गाडीचे दोष मोकळेपणाने सांगून विकणारा चार पैसे कमी घेईल. परंतु त्या गाडीचा इतिहास तो शाबूत ठेवतो आणि आपला शब्दही. जुने यंत्र ज्या हातांतून आले, त्या हातांचा प्रामाणिकपणाही खरेदीदार तपासीत असतो. तो एकदा पटला की, बाकीची दुरुस्ती होऊ शकते.